धुमसणारी आग कशी ओळखावी आणि कशी विझवावी: पाचोळ्याच्या ढिगापासून पीटभूमीपर्यंत

फाल्गुन सरत आला की इंदूरच्या जुन्या वसाहतींत, लोकमान्य नगरात काय किंवा सुदामा नगरात काय, कडुनिंबाची आणि पिंपळाची पाने अंगणात मावेनाशी होतात आणि झाडून कोपऱ्यात लोटलेल्या ढिगाला कोणीतरी काडी लावतो. थोड्या वेळात जाळ ओसरतो, वर राखेचा थर दिसतो आणि काम झाले असे समजून माणसे घरात जातात. पण रात्री सगळ्या गल्लीत कडवट धूर भरतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारीही ढिगाच्या पोटात हात घालवत नाही इतकी उष्णता असते. ही धुमसणारी आग होय. इंडोनेशिया, रशिया, कॅनडा या देशांत पीट नावाच्या, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या मातीत हीच आग महिनोन्महिने चालू राहते आणि तिच्यातून सुटणारे वायू पृथ्वीच्या तापमानवाढीत मोठी भर घालतात. घरच्या ढिगातली आग विझवण्याची रीत आणि पीटभूमीतल्या आगीची बातमी नीट वाचण्याची रीत, अशा दोन्ही गोष्टी पुढे दिल्या आहेत, कारण पहिली समजली की दुसरी समजायला फारसे कष्ट पडत नाहीत.

आधी आगीचा प्रकार समजून घ्यावा

लाकूड किंवा पाने तापली की त्यांतून ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते वायू हवेत पेटले की आपल्याला ज्वाला दिसते. वायू निघून गेल्यावर मागे कोळसा उरतो. त्या कोळशाच्या पृष्ठभागाशी हवेतल्या ऑक्सिजनचा थेट संयोग होऊ लागला की ज्वालेवाचून जळणे सुरू राहते. यालाच धुमसणे म्हणतात. ज्वालेचे तापमान दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते. धुमसणाऱ्या आगीचे साधारणपणे ५०० ते ७०० अंश राहते आणि ती पुढे सरकते तीही ताशी काही सेंटिमीटरच. मात्र तिला ऑक्सिजन थोडा पुरतो आणि वरचा राखेचा थर तिची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जुन्या घरांत रात्री शेगडीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवत आणि पहाटे फुंकर घालून तोच फुलवत, त्या युक्तीत जे घडत असे तेच इथे घडते. म्हणून ढिगावर दोन घमेली माती टाकून आग विझल्याचे समाधान मानू नये. बहुधा त्या मातीने ती जपलीच जाते.

मंद ज्वलन हे अपूर्ण ज्वलन असते. तेवढेच इंधन ज्वालेने जळाले असते तर बहुतेक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड झाला असता. धुमसताना त्यातला बराच भाग कार्बन मोनॉक्साइड, मिथेन आणि अडीच मायक्रॉनहून लहान कणांच्या रूपाने बाहेर पडतो. शिवाय या धुरात उष्णता कमी असल्यामुळे तो उंच चढत नाही आणि माणसांच्या नाकातोंडाच्या पातळीवरच रेंगाळतो. दम्याच्या रुग्णांना भडकलेल्या होळीपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या राखेचा त्रास अधिक का होतो, याचे कारण यात आहे.

ढीग धुमसत आहे किंवा नाही, हे कसे पाहावे

धूर दिसला तर प्रश्नच उरत नाही, पण पुष्कळदा तो दिसत नाही. सकाळी लवकर, ऊन पडण्यापूर्वी, ढिगाकडे पाहावे: थंड हवेत वाफेसारखी रेघ वर जाताना दिसते, आणि आजूबाजूच्या गवतावर दव असून ढिगाचा एखादाच भाग कोरडा असेल तर त्याखाली उष्णता आहे असे समजावे. ढिगाचा माथा एका जागी खचला असेल तर आत पोकळी झाली आहे. जळक्या, कडवट वासावर विश्वास ठेवावा. मात्र कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, त्यामुळे वास नाही म्हणून ढीग निर्धोक असे मानू नये.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे लोखंडी सळई. चार-पाच फुटांची सळई ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा-पंधरा मिनिटे तशीच ठेवावी, मग ओढून काढावी आणि हात न लावता, हाताची मागची बाजू तिच्याजवळ नेऊन उष्णता अजमावावी. कंपोस्टच्या ढिगात सळई गरम लागणे स्वाभाविक आहे, कारण चांगले कुजणारे खत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापते. तापमान ७० अंशांच्या वर गेले तर मात्र ढीग उलथून पसरावा. माळव्यातल्या शेतकऱ्यांनी गव्हाचा किंवा सोयाबीनचा भुसा रचताना हे विशेष लक्षात ठेवावे. ओलसर भुशाची गंजी सूक्ष्मजीवांमुळे आधी तापते आणि पुढे रासायनिक क्रियेने, कोणी काडी न लावताही, आतून पेट घेऊ शकते. गंजीचे तापमान ८० अंशांच्या आसपास गेले असेल तर ती स्वतः उघडू नये. हवा मिळताच भडका उडतो. अशा वेळी आधी अग्निशमन दलाला बोलवावे.

विझवण्याची रीत

ढीग भिंतीला, विजेच्या तारेला किंवा वाहनांना लागून असेल, किंवा एका ट्रॉलीहून मोठा असेल, तर १०१ वर फोन करावा आणि स्वतः दूर राहावे. लहान ढिगासाठी पाण्याची नळी, दंताळे, फावडे आणि दोन माणसे पुरतात. वारा पाठीवर घेऊन उभे राहावे, जाड तळव्यांची चप्पल नव्हे तर बूट घालावेत आणि ढिगावर पाय मुळीच देऊ नये, कारण वरचा थर शाबूत दिसला तरी खाली निखाऱ्यांची पोकळी असू शकते. तोंडाला लावलेला मास्क धुराचे कण अडवतो, कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही. डोके दुखू लागले किंवा गरगरले तर काम तसेच सोडून मोकळ्या हवेत जावे.

आता मुख्य गोष्ट. वाळलेला, अर्धवट जळालेला पाचोळा पाणी सहजासहजी शोषत नाही. वरून ओतलेले पाणी एखाद्या फटीतून खाली निघून जाते आणि फुटभर बाजूचा निखारा कोरडाच राहतो. म्हणून पाण्यात कपडे धुण्याची थोडी पावडर मिसळावी. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते तंतूंत शिरते. पाण्याचा जोरदार फवारा टाळावा, त्याने ठिणग्या आणि राख उडते. झारीसारखी संथ धार चांगली. आधी बाहेरची कड भिजवावी, मग दंताळ्याने ढीग थोडा थोडा बाहेर ओढून वीतभर जाडीचा थर पसरावा, तो भिजवावा, उलथावा आणि पुन्हा भिजवावा. मूठभर पाचोळा पिळला असता पाणी निथळले पाहिजे. नुसता ओलसर झालेला पाचोळा पुरेसा भिजला असे धरू नये. पीटवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले आहे की स्वतःच्या कोरड्या वजनापेक्षा किंचित अधिक पाणी धरून असलेले पीटसुद्धा धुमसू शकते, इतकी ही आग चिवट आहे.

ढिगाखालची जमीनही तपासावी. इंदूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगांत पडलेली पाने, मुळे, लाकडाचे तुकडे यांत निखारा शिरतो. तेथे कुदळीने चार बोटे खणून पाणी सोडावे. हे सर्व झाल्यावर दोन तासांनी एकदा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा सळई लावून पाहावी. दुसऱ्या दिवशीची ही तपासणी मी सर्वांत महत्त्वाची मानतो, आणि नेमकी तीच वगळली जाते.

होळीच्या राखेसाठीही हाच नियम. धुळवडीच्या दिवशी राख कचऱ्याच्या गाडीत देण्यापूर्वी ती पूर्ण भिजलेली आणि थंड असावी; कोरड्या कचऱ्यात गेलेला एक निखारा सगळी गाडी पेटवू शकतो. मुळात पाचोळा जाळण्याचे कारणच नाही. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ ने उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई केली आणि राष्ट्रीय हरित अधिकरणाने त्याच वर्षी साध्या प्रकरणात ५,००० रुपये व मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई ठरवून दिली. शिवाय ज्या शहरात ओला आणि सुका कचरा दारातून वेगळा उचलला जातो, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस तयार करणारा रोज ५५० टन क्षमतेचा प्रकल्प २०२२ पासून उभा आहे, तेथे तरी काडी लावण्याची सबब उरू नये.

पाचोळा आणि पीट यांत हवामानाच्या दृष्टीने काय फरक आहे

इथे हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. कडुनिंबाच्या पानातला कार्बन गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेला असतो; पान जळाले किंवा कुजले तरी तो पुन्हा हवेत जातो आणि नव्या पालवीत पुन्हा शोषला जातो. पाचोळा जाळण्याने होणारे मुख्य नुकसान शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचे आहे. मिथेन आणि काजळी यांचा हवामानावर परिणाम होतो, पण तो तुलनेने लहान.

पीटचे तसे नाही. सदैव पाण्याखाली असलेल्या दलदलीत ऑक्सिजन पोहोचत नाही, त्यामुळे मेलेले शेवाळ, मुळे, लाकूड पूर्ण कुजत नाही आणि वर्षाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरने त्याचा थर चढत जातो. एक मीटर जाडीचा थर म्हणजे सुमारे हजार वर्षांची साठवण. उत्तरेकडची बरीचशी पीटभूमी शेवटचे हिमयुग ओसरल्यानंतरच्या दहा-बारा हजार वर्षांत तयार झाली. पृथ्वीवरील जमिनीच्या अवघ्या ३ टक्के भागावर पीट आहे, पण त्यात जगातल्या सर्व जंगलांतल्या झाडांपेक्षा जास्त कार्बन साठलेला आहे. मध्य आफ्रिकेत काँगो नदीच्या खोऱ्यात तर सुमारे १,४५,००० चौरस किलोमीटरची, ३० अब्ज टन कार्बन साठवणारी पीटभूमी असल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नकाशाने दाखवून दिले. हा साठा एकदा जळाला की तो परत भरून येण्यास माणसाच्या कोणत्याही योजनेचा कालावधी पुरणार नाही.

पाण्यात बुडालेले पीट पेटत नाही. ते पेटते ते माणसाने पाणी काढून घेतल्यावर. इंडोनेशियात १९९५ च्या अखेरीस सुहार्तो सरकारने बोर्निओ बेटावरील मध्य कालिमंतानमध्ये सुमारे दहा लाख हेक्टर दलदल भातशेतीखाली आणण्याची योजना काढली आणि हजारो किलोमीटर लांबीचे कालवे खणले. भात पिकला नाही. पाणी मात्र वाहून गेले. १९९७ साली एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, पाऊस लांबला, जंगल तोडून जाळण्यासाठी लावलेल्या आगी कोरड्या पीटमध्ये उतरल्या आणि अभ्यासलेल्या क्षेत्रात सरासरी अर्धा मीटर जाडीचा थर जळून गेला. त्या वर्षी इंडोनेशियातील आगींतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेल्याचा अंदाज २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जगभरातल्या कोळसा, तेल आणि वायूच्या वार्षिक उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के इतका हा आकडा आहे. २०१५ च्या एल निनोत पुन्हा तेच झाले: सुमारे २६ लाख हेक्टर जमीन जळाली, सिंगापूर आणि मलेशियात शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि काही दिवशी या आगींचे उत्सर्जन अमेरिकेच्या संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या दैनंदिन उत्सर्जनाच्या वर गेले.

रशियात कारण वेगळे, परिणाम तोच. मॉस्कोच्या आसपासची दलदल सोव्हिएत काळात वीजनिर्मितीचे इंधन म्हणून पीट काढण्यासाठी कोरडी केली गेली आणि नंतर तशीच पडून राहिली. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत ती पेटली. उष्मा आणि धूर यांच्या एकत्रित परिणामाने त्या ऑगस्टमध्ये मॉस्कोतील रोजच्या मृत्यूंची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. अलास्का, कॅनडा आणि सैबेरियात तर उन्हाळ्यात लागलेली आग हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहते आणि वसंतात त्याच जागी पुन्हा वर येते. तापमान वाढले की पीट सुकते, सुकले की जळते आणि जळाले की तापमान वाढते, असे हे चक्र आहे. आग लागली नाही तरी कोरडे पडलेले पीट हवेशी संयोग होऊन झिजत राहते. अशा निचरा केलेल्या जमिनी मानवी उत्सर्जनाच्या सुमारे ५ टक्के वाटा उचलतात.

ढीग विझवताना जी पद्धत सांगितली तिचा मोठा अवतार तेथे वापरला जातो. विमानातून टाकलेले पाणी झाडांवरची ज्वाला शमवते, पण मीटरभर खोल निखाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी भोके असलेल्या लांब नळ्या जमिनीत खुपसून पाणी आत सोडावे लागते, आणि इतके करूनही खरा शेवट बहुधा पावसाळाच करतो. म्हणून टिकाऊ उपाय एकच, पाण्याची पातळी पुन्हा वर आणणे. इंडोनेशियाने जानेवारी २०१६ मध्ये पीटभूमीच्या पुनरुज्जीवनासाठी स्वतंत्र संस्था स्थापली, कालव्यांना बांध घालण्यास सुरुवात केली आणि लागवडीखालील पीटमध्ये भूजल पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरहून खाली जाऊ नये असा नियम केला. मॉस्कोभोवतीही २०१० नंतर दलदली पुन्हा भिजवण्याचे काम हाती घेतले गेले.

अशा आगीची बातमी आणि नकाशा कसा वाचावा

बातमीत आकडा आला की पहिल्यांदा तो कार्बनचा आहे की कार्बन डायऑक्साइडचा, हे पाहावे. कार्बनच्या वजनाला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते. त्यामुळे १९९७ चा अंदाज एखाद्याने सुमारे ३ ते ९.४ अब्ज टन असा लिहिला तर तो चुकला असे समजू नये. मिथेनचा उल्लेख असेल तर हिशेब किती वर्षांचा आहे ते शोधावे: २० वर्षांच्या मुदतीत मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट किंवा त्याहून थोडा अधिक तापवतो, १०० वर्षांच्या मुदतीत सत्तावीस ते तीसपट. धूर सूर्यप्रकाश अडवून हवा थंड करतो असा युक्तिवाद कधीकधी वाचनात येतो. तो अंशतः खरा आहे, पण धुराचे कण काही दिवसांत ते काही आठवड्यांत खाली बसतात आणि कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके राहतो, हे त्यासोबत सांगितले पाहिजे.

नासाचा फर्म्स हा नकाशा कोणालाही विनामूल्य पाहता येतो. त्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे उपग्रहाला आढळलेली उष्ण जागा. ही जागा ज्या चौकटीत कोठेतरी असते ती चौकट एका उपकरणासाठी ३७५ मीटरची, दुसऱ्यासाठी एक किलोमीटरची असते, म्हणून ठिपक्याच्या आकारावरून जळालेले क्षेत्र ठरवू नये. सराव म्हणून एप्रिलमधला माळवा पाहावा. गहू निघाल्यावर शेतात नरवाई, म्हणजे गव्हाचे उरलेले धसकट, जाळली जाते, तिचे ठिपके देवास, सीहोर, विदिशा या भागांत दुपारी उमटतात आणि बहुधा दुसऱ्या दिवशी त्या जागी नसतात. मग तोच नकाशा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये मध्य कालिमंतानवर किंवा सुमात्राच्या पूर्व किनाऱ्यावर न्यावा. ठिपके दिवसेंदिवस त्याच परिसरात राहत असतील, कालव्यांच्या सरळ रेषांना धरून असतील, तर पीट धुमसत असण्याची शक्यता मोठी आहे. ठिपके नसणे मात्र पुरावा नव्हे. जमिनीखालची मंद आग उपग्रहाला दिसत नाही आणि दाट धूर किंवा ढग उरलेलेही झाकतात. अशा वेळी २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहाचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा सोबत पाहावा, कारण हा वायू धुमसणाऱ्या आगीची खूण आहे.

गच्चीवरच्या बागेसाठी

पीटभूमी आपल्यापासून दूर असली तरी तिचा अंश कुंडीत येऊ शकतो. तयार मातीच्या पिशवीवर ‘पीट मॉस’ किंवा ‘स्फॅग्नम’ लिहिले असेल तर ते कॅनडा किंवा बाल्टिक देशांतली दलदल कोरडी करून काढलेले पीट असण्याचाच संभव अधिक. कोकोपीट हा वेगळा पदार्थ असून तो नारळाच्या सोडणापासून मिळतो. त्यासाठी दलदल खणावी लागत नाही. माळव्यातल्या काळ्या मातीत पाणी फार धरले जाते, म्हणून एक भाग माती, एक भाग घरचे कंपोस्ट, एक भाग कोकोपीट आणि मूठभर जाड वाळू असे मिश्रण बहुतेक फुलझाडांना आणि भाज्यांना मानवते, आणि त्यात पीट मॉसची गरज कधी भासत नाही.

कोकोपीट आणि पीट मॉस दोन्ही वाळले की धुमसू शकतात, ही गोष्ट मात्र घराघरात सांगण्यासारखी आहे. सुट्टीत गावी गेल्यावर कुंड्या कोरड्या ठाक पडतात, आणि तुळशीपुढे लावलेली उदबत्ती पुष्कळ घरांत थेट कुंडीतल्या मातीत खोचली जाते. कुंडीत कोकोपीटचे प्रमाण जास्त असेल तर उदबत्ती वेगळ्या पितळी उदबत्तीघरात किंवा वाळू भरलेल्या वाटीत लावावी. कोकोपीटच्या विटा आणि रिकाम्या पिशव्या गच्चीवर साठवायच्या असतील तर इन्व्हर्टर, गॅसची शेगडी आणि उन्हात तापणारे पत्रे यांपासून लांब ठेवाव्यात. प्लास्टिकच्या कुंडीतून जळका वास येऊ लागला तर वरून तांब्याभर पाणी ओतून थांबू नये. शक्य असल्यास कुंडी पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवावी, बुडबुडे येणे थांबेपर्यंत तशीच ठेवावी, आणि मग आतली माती घमेल्यात काढून फोडून पाहावी.